पुढल्या दारी दूध

ता. १२ नोव्हेंबर १९५८
ह्यांचं सुतक फिटलं. आज दुधाच्या चरव्या मीच उचलल्या नि वाडीवरून पोलादपुरात उतरले. सासूबाई अंगणात आडव्या आल्या. "बाईमानसानं रतीब घालायचा? लोक काय म्हनतील गो?" तशीच वाट काढून पुढे गेले. बोलले असते तर तिथेच बसून रडले असते.
चंद्री म्हैस धार काढू देईना. सारखी मान वळवून बघत होती. ह्यांचा हात नव्हता ना.
उतरणीला डोळे भरून आले. हात मोकळे नव्हते, तसेच वाहू दिले.

ता. १३ नोव्हेंबर
शाळेजवळच्या मास्तरीणबाई. ह्यांच्याकडून कितीतरी वर्षं दूध घेतात. आज दार अर्धंच उघडलं. "राग मानू नकोस हं, पण सकाळी पहिलं तोंड... घरात लग्नाची मुलगी आहे आमच्या."
म्हटलं, "तोंड नका बघू बाई. दूध बघा."
दार लागलं. पुढच्या दोन घरांनीही आज नको म्हणून सांगितलं. स्टँडवरच्या हॉटेलवाल्या काकांनी मात्र चरवी ओतून घेतली. "आमच्याकडं सगळं चालतं. चहाला कसला आलाय शकुन?" पण सगळं दूध त्यांना लागत नाही. उरलेलं परत वर आणलं. विरजण लावलं.

ता. १४ नोव्हेंबर
आज परत त्या तिन्ही दारांसमोर उभी राहून आरोळी दिली, "दूऽध!" हे द्यायचे तश्शी. कोणी आलं नाही. उद्या परत देणार.

ता. १७ नोव्हेंबर
पाणवठ्यावर बायका कुजबुजत होत्या. एक मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "बाईलवेडा व्हता गो तो, म्हनून ही अशी शेफारली."
घरी आले तरी अंगाची आग जाईना. म्हणून लिहिते.
होय, होते बाईलवेडे. माझा हात मोडला त्या वर्षी शालूच्या वेण्या हेच घालायचे. अख्खी वाडी हसायला जमायची. हे तोंडात रिबीन धरून, "काय बघता? म्हशीचं शेपूट नाय, लेकीचं केस हायत." हात शेकायला मला सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. बायका आंघोळ करतात तिथे, बाहेर, माझं कोरडं लुगडं मांडीवर घेऊन बसून राहिले. ओळखीचा एक जण हसला, तर त्यालाच विचारलं, "तुझ्या बायकोला आनलंस का रे कधी?"
आणि ह्यांना गवतात फुरसं चावलं, डोलीत घालून महाडच्या दवाखान्यात नेत होतो, पाय काळानिळा सुजलेला, तेव्हासुद्धा मला म्हणाले, "अनवानी का आलीस गो? खडी हाय रस्त्याला."
त्यापुढे काही बोलणं झालं नाही.
असा माणूस एकीच्या तरी वाट्याला आला होता का त्या पाणवठ्यावरच्या?

ता. २३ नोव्हेंबर
धाकटे दीर आले मुंबईहून. भिकू भावोजी. मिलमध्ये आहेत. जेवण झाल्यावर म्हणाले, "वैनी, तुमी फिकर करू नका. म्हशी इकून टाकू. शालूला मी मंबईला नेतो. आमच्या खोलीत पोरं सांभाळील, दोन घास खाईल."
"आणि शाळा?"
"सातवीपरेंत आली की! पोरीच्या जातीला बस झालं."
शालू चुलीशी होती. तिच्या हातातली काटकी तशीच राहिली.
मी नको म्हटलं. सरळ. भावोजी चिडले. "दादानं पन तुमच्यापायी मिल सोडली. तवापासून घराचा इस्कोट झाला."
म्हटलं, "सोडली. माझ्यापायीच सोडली. माझं पहिलं पोर गेलं तेव्हा ते मुंबईला नि मी इथं एकटी. दुसऱ्या खेपेला बोलावलं नव्हतं मी. आपणहून आले नि परत गेले नाहीत. त्याला तुम्ही इस्कोट म्हणा."
सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

ता. २६ नोव्हेंबर
मास्तरीणबाईंनी आज आरोळीला ओ दिली. खिडकीतून. "मागल्या दारी येत जा. भांडं ठेवते."
म्हटलं, "हे पुढल्या दारी यायचे बाई. मी पुढल्याच दारी येणार."
त्यांनी खिडकी लोटली. रस्त्याने स्वतःलाच शिव्या घातल्या. घेतलं असतं दूध तर काय... पण नाही. बरोबर बोलले.

ता. २९ नोव्हेंबर
भावोजी भावकीत फिरतायत. बाईच्या हातात गुरं ठेवायची नाहीत असं ठरवलं म्हणे. निरोप आला, परवा म्हशी न्यायला येतो.
नाते गावाहून माझा भाऊ आला होता. "माहेरी चल ताई. कशाला भांडत बसतेस?" त्याला जेवू घातलं नि परत पाठवला. माझं घर हे आहे.

ता. १ डिसेंबर
रतीब घालून लवकर वर आले. शालूला शाळेत धाडली. जायला तयार नव्हती, "आये, मी थांबते तुज्याजवळ" म्हणून पदर सोडीना. ओरडले तेव्हा गेली. वळणावरून परत परत बघत होती.
म्हशींना पाणी दाखवलं, वैरण टाकली. गोठ्यातला कोयता हाताशी ठेवला होता, मग आत नेऊन ठेवला. त्याची गरज नाही. मी दावं सोडणार नाही, एवढंच आहे माझ्याजवळ.
सासूबाई सकाळपासून गोठ्याच्या दारात येऊन बसल्यात. काठी मांडीवर आडवी, तोंड चढणीकडे. न्याहारीला हाक मारली तर आल्या नाहीत. कोणासाठी बसल्यात, विचारलं नाही मी.
खालून चढणीला चौघे जण दिसतायत. पुढे भावोजी.
वही ठेवते.