छातीपर्यंत कोरडा

१७ नोव्हेंबर, रविवार

ऑफिसच्या आरोग्य शिबिरातला डॉक्टर फारच तरुण होता. शुगरचा आकडा बघून त्याचं तोंड उतरलं. अनुभव नसला की असं होतं. मग मला डोळे मिटायला सांगून तळपायाला नायलॉनचा बारीक दोरा टोचत बसला. कळतंय का, कळतंय का. मी प्रत्येक वेळी हो म्हणालो. त्यातल्या तीन वेळा त्याने दोरा लावलाच नव्हता म्हणे. असली फसवाफसवी डॉक्टरला शोभत नाही.

सूचना: चाला. गोड बंद. पाय कोरडे ठेवा. रोज तळपाय आरशात बघा.

माझे निश्चय: उद्यापासून बिनसाखरेचा चहा. मटण बंद, मासे चालू. मासे स्वतः पकडायचे, म्हणजे व्यायामही झाला. गिरणेवर चुडामण आबा आहेतच. मासेमारी सोसायटीचे जुने सभासद, मूळचे धुळ्याकडचे, बोलणं सगळं अहिराणी. ते मला गळ टाकू देतात.

अडचण एकच. पाण्यात उतरायचं आणि पाय कोरडे ठेवायचे.

२० नोव्हेंबर

अडचण सुटली. वेडर. बूट, पँट आणि बनियन हे सगळं एकात एक, रबरी, छातीपर्यंत. वर खांद्याला पट्टे. थंड देशातले लोक हे घालून बर्फाच्या पाण्यात उभे राहतात. जाहिरातीत एक गोरा माणूस बंदूक घेऊन उभा, हातात मेलेली बदकं. आपल्याला बदकं मारायची नाहीत. इथे तो गुन्हा आहे. आपले मासे.

तीन प्रकार. प्लास्टिकचा: हलका, पण थंडीत कडक होतो. हवा खेळणाऱ्या कापडाचा: उन्हाळ्यासाठी. निओप्रीनचा: जाड, गुबगुबीत, गार पाण्यासाठी. दुपारभर ऑफिसात बसून एकशे नव्वद रिव्ह्यू वाचले. एवढा अभ्यास मी डिपार्टमेंटच्या परीक्षेचाही केला नव्हता. निर्णय: निओप्रीन, पाच मिलिमीटर, बूट जोडलेला.

चहा साखरेचा घेतला. अभ्यास चालू असताना सवय बदलू नये.

२४ नोव्हेंबर, रविवार

बुटाच्या मापावरून मृणालीशी वाद. बायको प्राथमिक शिक्षिका असली की घर म्हणजे दुसरीचा वर्ग. म्हणाली, संध्याकाळी माप घ्या, तुमचे पाय सुजतात. पुठ्ठ्यावर माझा पाय ठेवून पेन्सिल फिरवली. साडेनऊ नंबर आला. पेन्सिल तिरकी धरली असणार. कॉलेजपासून माझा नंबर आठ आहे. माणसाचं पाऊल बावन्नाव्या वर्षी वाढत नाही.

आठ नंबर मागवला.

३ डिसेंबर

पार्सल आलं. हॉलमध्ये घालून बघितला. पंचवीस मिनिटं लागली. बोटांकडे थोडा आवळ आहे. ह्यालाच फिटिंग म्हणतात. छातीवर छान खिसा आहे, गळ ठेवायला. आत एक कप्पाही आहे.

मृणाली स्वयंपाकघरातून आली, वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "उतरवताना मला हाक मारा." तिलाही आवडलाय.

मेहरूण तलावाजवळच घर, ट्रायल तिथेच घेता आली असती. पण सकाळी ओळखीचे लोक फिरायला येतात.

८ डिसेंबर, रविवार

ऐतिहासिक दिवस. पहाटे साडेपाचला स्कूटरवर निघालो, सहाला गिरणेवर. पारा आठवर. बंधाऱ्याखाली कमरेभर पाण्यात दोन तास उभा. चुडामण आबा जाळं ओढून आले, चड्डीवर, पाय निळे पडलेले. काठावर तुराट्यांच्या जाळाशी हात शेकत माझ्याकडे बघत म्हणाले, "भाऊ, तुमले थंडी वाजस नही का?"

म्हटलं, आबा, निओप्रीन.

खरंच, पायांना गार म्हणून काही लागलं नाही. काहीच नाही. पाय आहेत की नाहीत इतकं आरामात. तिथूनच मोबाइलवर पाच स्टार दिले आणि लिहिलं: थंडीचा पत्ताही लागत नाही.

मासा मिळाला नाही. आबांनी दोन छोटे दिले. घरी ते मी पकडले असं झालं.

१५ डिसेंबर, रविवार

पुन्हा गेलो. खिशातून एक गळ कुठेतरी पडला. मासा नाही.

एक दोष आढळला. काठावर येऊन वेडर काढला तर डाव्या बुटातून तांब्याभर पाणी निघालं. गढूळ, तांबूस. गिरणेचं पाणी हल्ली खराबच झालंय. पाणी आत कधी शिरलं कळलं नाही. म्हणजे लीक असूनही ऊब कायम. अजून अर्धा स्टार देता आला असता.

१७ डिसेंबर

वेडर हबीबकडे नेला. हबीब माझा शाळेपासूनचा मित्र, चौकात त्याचं पंक्चरचं दुकान. त्याने बुटात हवा कोंडून तो सायकलच्या ट्यूबसारखा घमेल्यात दाबला. अंगठ्यापाशी बुडबुडे. मग बूट उलटा करून बॅटरीने आत बघितलं आणि पक्कड घातली. माझा हरवलेला गळ निघाला. वरच्या खिशातून आत पडला असणार. गळाभोवतीचं अस्तर काळं झालं होतं.

हबीब म्हणाला, "राजदीप, हे भोक बाहेरून नाही पडलं. आतून पडलंय. तुझ्या अंगठ्यातून गेलंय. तुला कळलं नाही?"

म्हटलं, पाच मिलिमीटर आहे बाबा.

"मोजा काढ."

नाही काढला. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्याने ठिगळ लावलं. काही घेतलं नाही, आणि चहासुद्धा पाजला नाही. हबीब अलीकडे विचित्र वागतो.

घरी येऊन बघितलं. अंगठ्याला बारीक भोक आहे. दुखत अजिबात नाही, म्हणजे किरकोळ. हळद लावली. मृणालीला उगाच काळजी नको.

२० डिसेंबर

अंगठा काळा दिसतोय. अस्तराचा रंग लागला. साबणाने गेला नाही, रॉकेलनेही नाही. शेजारच्या बोटालाही लागलाय. इतका कच्चा रंग? एक स्टार कमी केला.

२२ डिसेंबर, रविवार

मिळाला! रोहू. सव्वा किलो. दोन्ही हातांनी ओढून काढला. वडील बघायला पाहिजे होते. मी लहान असताना ते मला खांद्यावर घेऊन तापीत उतरायचे, आणि माझे पाय त्यांच्या छातीवर गार लागायचे. हे आठवून पाण्यात उभ्या उभ्या रडू आलं. वारा होता.

काठावर वेडर काढला. आबा मासा बघायला आले, पण मासा त्यांनी बघितलाच नाही. खाली वाकून माझ्या पायाचा वास घेतला. खरंच घेतला. म्हणाले, "भाऊ, हाऊ पाय मरी ऱ्हायना. दवाखानामा जा. आत्ते."

म्हटलं, आबा, निओप्रीनचा वास आहे तो.

"मी बठ्ठी जिंदगी मासा इकात," आबा म्हणाले. "माले सडेल वास समजस नही का?"

आयुष्यभर मासे विकणाऱ्याला दुसऱ्याच्या गळाचा रोहू सहन होत नाही. मोठे आहेत म्हणून सोडून दिलं.

२४ डिसेंबर

घरातही वास. मृणालीने सिंकखाली बघितलं, फ्रीजमागे बघितलं, उंदराचा पिंजरा लावला. मी वेडर गच्चीवर टांगून आलो. पायात दोन मोजे आणि मधे पावडर.

आरशाचा विचार केला. आरसा उंचावर आहे.

२६ डिसेंबर

ताप. अंग कापतंय. रविवारी वेडर लवकर काढला, तिथे चूक झाली. पुढच्या वेळी घरी येईपर्यंत काढायचा नाही. ऑफिसला रजा.

दुपारी हबीब आला. मला वाटलं मला भेटायला. स्वयंपाकघरात जाऊन मृणालीला सगळं सांगून टाकलं. गळ, भोक, सगळं. चाळीस वर्षांची मैत्री.

मृणाली पलंगाशी आली आणि मोजा काढला. मोज्याबरोबर कातडी आली. ती ओरडली नाही. हबीबला म्हणाली, "भाई, रिक्षा बोलवा." तिचा आवाज वर्गात असतो तसाच होता. हातातून मोजा मात्र सुटत नव्हता.

३० डिसेंबर. दवाखाना.

दोन बोटं काढली. अंगठा आणि शेजारचं. डॉक्टर म्हणतात बाकीचं वाचेल, बघू. मी म्हटलं, चालेल, तीन उरतात.

१ जानेवारी

नवीन वर्षाचे निश्चय. साखर बंद, आता खरोखर. वेडरचा डावा बूट पुढून कापून शिवता येईल का, हबीबला विचारायचं. तो रोज संध्याकाळी येतो, दाराशी स्टुलावर बसतो. मी विचारलं नाही. तो माझ्याकडे बघतच नाही.

४ जानेवारी

बघून झालं. उद्या सकाळी पुन्हा नेतात. घोट्याच्या वरून. मृणालीने सही केली. अक्षर नेहमीसारखंच गोल.

९ जानेवारी

सकाळी मोठे डॉक्टर आले. पहिल्या दिवशी विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं, की पायाला कळत नाहीये हे कधीपासून? तेव्हा मी आठवडाभर म्हणालो होतो. उजव्या पायासाठी खरं कळलं पाहिजे, ते म्हणाले.

मृणाली पाण्याची बाटली भरायला बाहेर गेली. ती मुद्दाम गेली, असं मला वाटतं.

मग सांगितलं. मे महिना. बुद्धपौर्णिमेला विहारातून दुपारी दीड वाजता चालत घरी आलो. फाटक उघडताना लक्षात आलं, डाव्या पायात चप्पल नाही. कुठे निघाली माहीत नाही. मागे जाऊन बघितलं तर पार कोपऱ्यावरच्या दुकानाशी पडलेली. तेवढा सगळा रस्ता मी जळगावच्या मेमधल्या डांबरावरून एका अनवाणी पायाने आलो होतो. रात्री तळव्याला तळहाताएवढा फोड. मृणालीला म्हटलं, नवीन चप्पल चावली.

डॉक्टरांनी कागदावर 'मे' लिहिलं.

ते गेल्यावर ह्याच वहीत मागे जाऊन ती तारीख काढली. २३ मे. माझंच अक्षर:

"विहारात कार्यक्रम चांगला झाला. खीर उत्तम, दोन वाट्या घेतल्या. येताना चालत आलो. ऊन फारसं जाणवलं नाही."