उतारावर ह्यांचा हात

केडगाव,
रविवार

ती. हनुमंतदादा आणि राहीवहिनी यांना मालनचा नमस्कार. इकडे आम्ही दोघं धड आहोत. तुमची कंबर आणि वहिनींचा खोकला कसा आहे ते खरंखरं कळवा, फोनवर सांगता तसं नको. मीही फोनच केला असता, पण हे कायम शेजारी बसलेले असतात आणि सांगायचंय ते ह्यांच्याबद्दलच.

परवा तिसगावला आम्ही तुमच्याकडे जेवलो आणि एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही, हे वहिनींनी हेरलंच. त्यावर तुम्ही परस्पर तुमच्या गावातल्या सुनीलला आमचा ड्रायव्हर ठरवून मोकळे झालात. ("मालने, तुला गाडी झेपायची न्हाई," असं भर पानावर म्हणालात. मी भात कालवत ऐकून घेतलं.) तर आधी काय झालं ते ऐका, मग सुनीलचं बघू.

ह्यांच्या एका डोळ्याचा पडदा गेला आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं कायमचं बंद केलं. उभा जन्म कांद्याचा टेम्पो हाकलेला माणूस! म्हणून ही ऑटोमॅटिक घेतली आणि मी शिकले. क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात. शिकवणाऱ्या स्नेहलनं माझ्याकडून घोकून घेतलं होतं, की चालत्या गाडीत गिअरचा दांडा उगाच हलवायचा नाही, 'पी' म्हणजे पार्किंग आणि 'आर' म्हणजे रिव्हर्स, हे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय नाहीच, आणि उतारावर न्यूट्रल तर कधीच नाही. उतारावर दांडा 'एल'वर घ्यायचा, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. हे सगळं तिनं मला सांगितलं. शेजारी बसणाऱ्याला सांगायचं तिला सुचलं नाही.

परवा तुमच्याकडे येताना करंजीच्या घाटात मी 'एल'वर सावकाश उतरत होते. पहिलं वळण घेतलं आणि इंजिनचा आवाजच गेला, गाडी सुटली. खाली बघते तर दांडा 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलला, आणि दांड्यावर ह्यांचा हात. म्हणतात कसे, "उताराला डिझेल कशाला जाळायचं?" (गाडी पेट्रोलची आहे.) पुढे उसाची ट्रॉली. मी ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही. ब्रेक दाबून वेग उतरवला, दांडा 'डी'त, म्हणजे नेहमीच्या चालीच्या गिअरात, घेतला, मग 'एल'ला. तोवर ट्रॉलीतला ऊस खिडकीतून मोडून घेता येईल इतका जवळ आला होता.

खाली टपरीपाशी थांबले, ब्रेकवर पाय ठेवूनच 'पी'त टाकली आणि भांडायला तोंड उघडलं. हे आपल्या हाताकडे बघत बसले होते. म्हणाले, "मी केलं न्हाई गं. हातानं केलं." चहा आला, तो गार झाला, तेव्हा म्हणाले, "रिकामा हात घेऊन बसवत न्हाई."

दादा, माझं भांडण जागीच विरलं. फार वाईट वाटलं मला. गाडी चालवता येते म्हणून मी महिनाभर गल्लीत मिरवत होते, आणि ह्यांचं काय गेलं ते मी एकदाही विचारलं नव्हतं. तुमच्याकडे गप्प होतो ते म्हणून. परतताना वहिनींनी दिलेली लोणच्याची बरणी मी ह्यांच्या हातात दिली. घाट चढून वर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून होते.

तेव्हा सुनीलला नको म्हणून सांगा. गाडी मीच चालवणार.

तुमची,
मालन

ता. क. हरभरा निघाला की तुमचं खालचं वावर मोकळं होईल. तेव्हा आम्ही येतो. तुमचा जुना ट्रॅक्टर एक दुपार ह्यांना द्या. विहिरीपासून लांब, वावराच्या मधोमध. सगळे गिअर टाकू देत, आणि बांधावरून कुणी काही शिकवू नका. एवढ्यासाठीच पत्र लिहिलं.

पुन्हा ता. क. उशीखाली ठेवलेलं पत्र ह्यांना सापडलं आणि मलाच मोठ्यानं वाचायला लावलं. ट्रॅक्टर मान्य आहे म्हणतात, पण शेजारी मडगार्डवर मी बसायचं आणि माझा हात दांड्याकडे येता कामा नये. वहिनींना म्हणावं, बरणी भरून ठेवा, ह्या खेपेला मला धरायला.