वाळवणाच्या तारांवरचा गुलाब

भवानी पेठ, सोलापूर

ती. महेश्वरअण्णा यांना सिद्धलिंगचे शरणु शरणार्थी.

वि. वि. तुमची कंबर कशी आहे? मलम लावत असाल तर खालून वर चोळा, वरून खाली नव्हे. दानेश्वरी तिकडं अक्कलकोटला मजेत असेलच. दोन दिवसांसाठी म्हणून माहेरी आली, महिना होत आला, म्हणजे हवा मानवली असणार. इकडं मीही मजेत. (वरण रोज करपतं, पण तो गॅसचा दोष.) पत्रास कारण की, माझा गुलाब फुलला.

गुलाब म्हटल्यावर तुम्ही कुंडीतलं झुडूप डोळ्यांपुढं आणाल. तसं नव्हे. हा वेली गुलाब. रंग गुलाबी, पण मांडवाच्या कापडासारखा भडक नव्हे; पाकळीच्या कडेला फिका, आत दाट. वास असा, की समोरच्या सुंदरम्मा सकाळी पूजेला फूल मागायला येतात आणि बराच वेळ नुसत्या उभ्या राहतात. (फूल देत नाही. चहा देतो.) आता यातली गोम कुठल्या नर्सरीवाल्यानं मला सांगितली नाही, मी मोबाइलवर बघून आणि स्वतः फसून शिकलो. वेल म्हणतात खरा, पण हा कारल्यासारखा आपणहून कशाला धरत नाही; बांधावा लागतो. उभा बांधला तर नुसत्या शेंड्याला फुलतो. फांदी आडवी केली, की पेरापेराला कळी. आणि अण्णा, आमच्या गच्चीवर लांब, ताणलेलं, उन्हातलं आडवं असं काय आहे? कपडे वाळत घालायच्या तारा. दुकानातल्या टॉवेलांच्या किनारी फाडून मी वेल सगळ्या तारांवर बांधला. (सुतळी वापरू नये, साल कापते.)

दानेश्वरीनं काही दिवस कपडे कठड्यावर वाळवले. मग एकदा मी दुकानात असताना तुम्ही दिलेली इरकल साडी तिनं सरळ वेलावरच टाकली. वारा सुटला. मी वर आलो तर ती पदर सोडवतीय आणि काटे सोडत नाहीत. मी धावलोच. फक्त आधी कळ्या सोडवायला घेतल्या आणि म्हणालो, "हळू ओढ की, कळी मोडंल."

"आणि पदर?"

"पदर रफू होतो."

यात चूक काय ते तुम्हीच सांगा. कळी रफू होत नाही. पण ती "साकु" एवढंच म्हणाली. आमच्या घरात 'पुरे' मराठीतून म्हटलं तर बोलणं चालू राहतं, कन्नडमधून म्हटलं की एसटी धरली जाते.

तर फुलं बघायला या. उन्हाळा लागला की पाकळ्या भाजतात. घरी सर्वांना यथायोग्य.

तुमचा,
सिद्धलिंग

ता. क. एकटे येऊ नका. दानेश्वरीला आणा.

आणखी एक. मी बोलावलं म्हणू नका, सुंदरम्मांनी विचारलंय म्हणा. खोटं नाही ते. "आमची दानव्वा कधी येणार?" हे विचारायलाच त्या रोज उभ्या राहतात.

शेवटचं. आज सकाळी तारा मोकळ्या केल्या. वेलालाही ताणातून विश्रांती लागते, हे शास्त्र आहे, दुसरं काही कारण नाही. त्यामुळं फुलं सध्या गच्चीच्या फरशीवर पसरली आहेत, खाली बसून बघावी लागतात. चटई टाकून ठेवलीय. दोघांपुरतीच आहे, तेव्हा तुम्ही खाली चहा घ्या.