बुरशी न लागलेले बूट

अहो,
सुट्टीसाठी ताईकडे निघाले. तुम्ही घोरत होतात, उठवलं नाही. थंडीत घर कोंदट होतं, म्हणून दुपारी खिडक्या उघडत जा. ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. कपाट भिंतीपासून पुढे ओढलंय, ते परत मागे सरकवू नका.

गेल्या सुट्टीहून मी परतले तेव्हा कपाटातल्या झाडून सगळ्या चपला-बुटांवर पांढरी बुरशी चढली होती. तुमचे काळे बूट तेवढे लख्ख! आणि तुम्ही म्हणालात, "सुट्टीभर तापानं अंथरुणातून उठलो नाही." वापरातल्या बुटांना बुरशी लागत नाही, एवढं मलाही कळतं.

या वेळी ते बूट मी बरोबर नेतेय. ताप आलाच, तर स्लीपर घालून जा.