तुझ्या नावाचा तुकडा

अंबुसित्रा, १ जुलै

प्रिय रिंद्रा,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा बरे आहेत. फोनवर बाबांचं नाव काढलं की नेमकं तुझ्याकडे कुणीतरी दार वाजवतं, म्हणून मुद्दाम कागद घेतला. तो तुला मधेच कट करता येणार नाही.

सव्वीस जून पार पडला. दरवर्षीप्रमाणे वॉर्डाचा माणूस घरोघर बजावून गेला, की स्वातंत्र्यदिनाला दारावर झेंडा हवाच आणि तो मळका चालणार नाही. आता हे बाबांना सांगायची काही गरज आहे का? त्यांनी आपला झेंडा स्वतः धुतला, इस्त्री केली, पण यंदा स्टुलावर चढताना पाय लटपटायला लागले. मग मी चढले आणि खालून सूचना सुरू. "लाल वर, बाकुली, हिरवा खाली. तुझ्या भावासारखं करू नकोस." तू सात वर्षांचा असताना झेंडा उलटा लावला होतास आणि अख्खी गल्ली हसली होती, ते अजून त्यांच्या डोक्यात आहे. खरं सांगते, मी तशीच स्टुलावर उभी राहिले. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुला 'तुझा भाऊ' म्हटलं. एरवी तू 'तो तिकडचा'.

आदल्या संध्याकाळी पोरं कागदी कंदील घेऊन निघाली तेव्हाही ते दारात खुर्ची टाकून बसले होते. एका पोराचा कंदील पेटला, त्यानं भोकाड पसरलं, तर म्हणाले, "आपल्याकडेही एक असाच रडका होता." तुझा कंदील जळला होता तेव्हा हातातलं कोरीवकाम टाकून त्यांनी तुला दुसरा करून दिला होता, आठवतं ना? गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं.

तू पण काय दिवस निवडलास रे सात वर्षांपूर्वी. सव्वीस जून, सगळे जेवायला बसलेले, आणि तू सांगतोस की मी फ्रेंच नागरिक झालो. दुसरे तीनशे चौसष्ट दिवस काय ओस पडले होते? मी तुला दोष देत नाही. नोकरीचा प्रश्न होता, तुझ्या लेकीची, सुआची शाळा होती, पोटासाठी घेतलेला कागद तो. पण बाबांचंही खोटं नव्हतं. फ्रेंच राज्याविरुद्धच्या सत्तेचाळीसच्या बंडात आजोबांना फ्रेंच सैनिकांनी नेलं तेव्हा बाबा जेमतेम चालायला लागले होते. मढंसुद्धा हाती लागलं नाही. "माझ्या बापाची जागा थडग्यात अजून रिकामी आहे," ते म्हणाले, "आता तुझीही राहू दे रिकामी." कुळाच्या थडग्यातून आपल्या पोराला बाहेर काढायचं, याहून मोठी शिक्षा आपल्यात नाही. जिवंतपणी एक घर, मेल्यावर एक थडगं, हे आपण दोघं त्यांच्याच मांडीवर बसून शिकलो. तू बॅग उचललीस. तू त्यांच्याच वळणावर गेलास, दोघेही मोडाल पण वाकणार नाही.

त्याच्या पुढच्या वर्षापासून मी दर सव्वीस जूनला दोन कोंबड्या करते. लेकरांनी या दिवशी बापाच्या ताटात कोंबडीचा शेपटाचा तुकडा ठेवायचा, मानाचा म्हणून. मी दोन ठेवते. हा माझा आणि हा रिंद्राचा, त्यानं फोन करून ठेवायला सांगितलंय, असं म्हणते. पहिल्या वर्षी तुझा तुकडा त्यांनी कुत्र्याला घातला. दुसऱ्या वर्षी ताटातच ठेवला. तिसऱ्या वर्षी भिंतीकडे तोंड करून खाल्ला, आणि मी भात आणायच्या निमित्तानं आत जाऊन रडले. यंदा त्यांनी आधी तुझा तुकडा उचलला. खाऊन झाल्यावर तुझं नाव घेऊन आशीर्वाद दिला, आयुष्य मोठं असो, लेकरंबाळं सुखी राहोत, हाडं घरी येवोत. मग मला विचारलं, "दरवर्षी फोनवर काय म्हणतो तो?" माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणतो, बाबा, माझं चुकलं."

तुला यातलं काहीच ठाऊक नाही, कारण तू एकदाही तसा फोन केला नाहीस. सातही वर्षं दोन्ही कोंबड्या माझ्याच. बापाच्या ताटाशी बसून मी खोटं बोलत आले, तेही या दिवशी, आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवून आशीर्वाद दिला. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

ऑगस्टमध्ये थडगं उघडायचं आहे, पूर्वजांच्या हाडांना नवी वस्त्रं गुंडाळायला. भाऊबंद जमतील तेव्हा तुझी जागा तुला परत दिली असं बाबा सांगणार आहेत. पण त्याआधी 'माझं चुकलं' हे त्यांना तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चर्चमधून आल्यावर ते तुला फोन करतील. तू जर 'कसला तुकडा?' म्हणालास, तर सात वर्षं मी त्यांना फसवलं हे त्यांना कळेल, आणि या वयात ते त्यांना पेलणार नाही. मी तुला खोटं बोल म्हणत नाही, ते मी पुरेसं बोलले आहे. चुकलं असं वाटत नसेल तर ते म्हणू नकोस, नुसतं 'बाबा' म्हण. आजोबांची जागा भरणं आता कुणाच्याच हातात नाही. तुझी भरणं तुझ्या हातात आहे. त्या रविवारी फोन उचल.

तुझीच,
बाकुलीताई