धडक आणि धडकी

प्रिय मावशी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? (‘ठणठणीत’ असं लिहू नकोस, खरं लिही.) एकाच शहरात राहून पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. घरी सगळे बरे आहेत. माझी तेवढी ऑफिसात शोभा झाली आहे, ती दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

सायकलवाल्यांना कुठे धोका आहे, हे अपघात होण्याआधीच कळावं म्हणून आम्ही दोनशे सायकलींना त्या छोट्या डब्या बसवल्या. तुझ्याही सायकलला आहेच. काही झालं, भीती वाटली, की बटण दाबून दोन शब्द बोलायचे. ते शब्द संगणक वाचतो आणि नकाशावर लाल ठिपके देतो. त्याला शब्द शिकवायचं काम माझं. घासलं, आपटले, थोडक्यात वाचले, सगळं शिकवलं. ‘धडक’ तर पहिल्याच दिवशी. (धडकेत, धडकून, धडकली, अशी शेपटं बदलतात, म्हणून ‘धडक’पासून सुरू होणारं सगळं धडकच समज, असंही सांगून ठेवलं. हुशारी नडली.)

गेल्या महिन्यात बेकरीच्या वळणावर त्रेचाळीस धडका निघाल्या. साहेब अर्धा चहा टाकून उठले. आम्ही सहा जण मोजपट्टी घेऊन तिथे जाऊन उभे राहिलो. ना काच, ना ओरखडा. बेकरीवाली धावत बाहेर आली, “कोण गेलं?” म्हणाली. कोणीच नाही म्हटल्यावर, “मग दारातून बाजूला व्हा की, गिऱ्हाईक खोळंबलंय!” परत येऊन मी मूळ शब्द वाचले. त्रेचाळीस वेळा एकच: उरात धडकी भरते. तेव्हापासून ऑफिस हसतंय. “बाई, आज किती गेले?” असं शिपाईसुद्धा विचारतो. मी धडकी काढून टाकली, वळण हिरवं झालं, आणि यंदा एकाच रस्त्याला सायकलींसाठी कठड्याची वेगळी पट्टी मिळणार आहे, त्याच्या यादीतून ते गळलं.

त्यानंतर मला आवाज ऐकायची बुद्धी झाली. आवाज तुझा होता, मावशी. “बस अगदी पाठीला लागते गं, उरात धडकी भरते. उतरते, ढकलत नेते.” रोज, जाता-येता. मला कधी बोलली नाहीस, डबीला सांगत राहिलीस. आणि मी ते पुसलं. उतरून चालणाऱ्या बाईला धडक बसत नाही, म्हणून आमच्या नकाशावर ते वळण सुरक्षित. घाबरून घरीच राहिलेल्या सायकलीला तर ठिपकासुद्धा नसतो.

साहेबांशी भांडले. ते वाईट नाहीत. म्हणाले, एका मावशीची भीती म्हणजे आकडेवारी नव्हे. दहा जणांची आणा, धडकीचा वेगळा रकाना मी स्वतः घालतो. यादी सोमवारी जाते.

तोवर त्या वळणावर उतरतच जा. लाजू नकोस.

तुझी भाची

ता. क. सकाळी तुझ्याबरोबर येणाऱ्या आठही जणींच्या सायकलींना डब्या आहेत. त्यांना तिथे बटण दाबायला सांगशील? पढवू मात्र नकोस. वाटत असेल तेच बोलू देत.

पुन्हा ता. क. आठ आणि तू, नऊ झाल्या. दहावी मी. माझ्या डबीत महिनाभरात एक शब्द नाही, म्हणून मी शहरातली सगळ्यात सुरक्षित सायकलस्वार ठरले आहे. खरं म्हणजे ते वळण आलं की मीही उतरते, आणि ऑफिसात चेन पडली म्हणून सांगते. रविवारी माझ्याबरोबर येशील का? बटण मी दाबीन. बोलायला सुरुवात तेवढी तू करून दे.