काळ्या मॉनिटरचे अकरा दिवस

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार, सकाळी ९
भार्गवीचा पुण्याहून फोन. १९ तारखेला नलूचं वर्षश्राद्ध. आईचा काशीदचा फोटो मोठा करून लावायचा म्हणते. सुरूच्या झाडाखाली, उन्हाला कपाळावर हात आडवा धरून हसते आहे, तो. तेवढा एकच धड फोटो. बाकी सगळ्यांत नलूने पदर तोंडावर घेतलाय. आणि तो फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. ‘बाबा, जमेल ना? नाहीतर कुणाला तरी पाठवते,’ असं लेक विचारते. चौतीस वर्षं हायस्कुलात फिजिक्स शिकवलंय म्हटलं. पाच मिनिटांचं काम.

१०.३०
कव्हर काढलं. नलूने जुन्या सुती पातळाचं शिवलेलं. वर्षभरात काढलं नव्हतं. वाडीतल्या सुपारीपायी वेळच झाला नाही. सीपीयू चालू. पंखा फिरतो, निळा लाइट लागतो. मॉनिटर काळा. गारठला असेल. उद्या.

९ फेब्रुवारी
काळाच. निदान झालं : खारा वारा. रेवदंड्यात सायकलची चेन सहा महिन्यांत गंजते, तिथे मॉनिटरचं काय.
ठमी घरकामाला येते, पंधरा वर्षं नलूच्या हाताखाली होती. दारात उभी राहून म्हणाली, ‘सर, बाई फडका मारायच्या तवा...’ फडक्याने मॉनिटर दुरुस्त होत नसतो, भांडी बघ, असं सांगून तिला पिटाळलं. नलूही तशीच. सकाळी मी खुर्चीत बसायच्या आधी फडका, संध्याकाळी उठलो की पुन्हा फडका आणि वर कव्हर. पुसण्याला काही मर्यादा? यंत्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. अकरा वर्षं मीच एकट्याने सांभाळलं ते.

११ फेब्रुवारी
केबल काढली, पुसली, टोकं बदलून लावली. काळा.
अलिबागला दिपेशचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. माझा विद्यार्थी, नववीत फिजिक्समध्ये काठावर पास. त्याला फोन केला. सल्ला मागायला नव्हे, सहज. लाइट लागतो का, असं मलाच विचारतो. लखलखतो म्हटलं, निळा. मग रॅम काढून खोडरबरने पुसा म्हणाला. ‘सर, मी येऊन जाऊ का?’ गरज नाही म्हटलं.

१३ फेब्रुवारी
भार्गवीच्या जुन्या कंपासपेटीत खोडरबर सापडलं. रॅम घासली. बसवताना खट्‌ असा छान आवाज आला. पंखा फिरला. लाइट निळा. मॉनिटर काळा. पण आवाज छान होता. प्रगती आहे.

१५ फेब्रुवारी
आज हात लावला नाही. नुसता समोर बसलो. काळ्या काचेत माझंच तोंड दिसत होतं. दाढी फार वाढलीय. नलू असती तर बोलली असती.
संकल्प : उद्यापासून रोज दाढी.

१६ फेब्रुवारी
दाढी राहिली. भार्गवीचा फोन. जवळजवळ झालंच आहे, तू फ्रेमचा साइज तेवढा सांग, असं म्हणालो. फ्रेम तिने घेतलीसुद्धा.

१७ फेब्रुवारी, दुपारी ४
मॉनिटर मेला. खाऱ्या वाऱ्याने सीपीयूतली डिस्कही खाल्ली असणार. म्हणजे फोटो गेला. परवा रिकामी फ्रेम मांडायची का?
डोळे मिटून तो फोटो आठवायला बसलो. झाड आठवलं, कपाळावरचा हात आठवला, हातातल्या बांगड्यासुद्धा. हसणं नीट आठवेना. फार भीती वाटली.

१८ फेब्रुवारी, दुपारी १
सकाळी शेवटचा प्रयत्न म्हणून सीपीयू चालू करून ठेवला आणि उद्यासाठी केळीची पानं काढायला वाडीत गेलो. परत आलो तर ठमी खोली झाडत होती आणि मॉनिटर उजळलेला.
काय केलंस विचारलं. ‘मी काय न्हाय केलं, सर. फडका मारला अन् हितं खाली दाबलं. बाई रोज दाबायच्या. सकाळी चालू, सांजेला बंद. मी तवाच सांगत व्हते.’
मॉनिटरच्या खालच्या कडेला एक बटण आहे. शेंगदाण्याएवढं. मला ठाऊक नव्हतं.
मला का नाही सांगितलं तिने, असं विचारलं. ठमी म्हणाली, ‘सर फिजिक्सवाले, त्यांना काय सांगायचं, म्हनायच्या. अन् हसायच्या.’

संध्याकाळी ६
भार्गवी आली. फोटो पेनड्राइव्हवर घेऊन प्रिंट काढायला गेली. काय बिघडलं होतं म्हणाली. रॅम, असं सांगितलं.
काही बिघडलं नव्हतं. मागच्या वर्षी हॉस्पिटलात न्यायच्या आदल्या संध्याकाळी नलूने फडका मारला, बटण बंद केलं, कव्हर घातलं. सकाळी चालू करायला ती घरी नव्हती. एवढंच. सुपारीपायी वेळ नव्हता हेही खोटं. तिने घातलेलं कव्हर काढवत नव्हतं.
तिची फार आठवण येते.
आता फडका मारून मॉनिटर मीच बंद केला. बटण चाचपून सापडेना, ठमीला हाक मारावी लागली. कव्हर उलटं बसलंय. राहू दे.